हसण्याचं शेपूट

तो हसला नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या शनिवारी दुपारी बिअरच्या त्या दुकानात बसलेल्या सगळ्यांनी एकदम माना वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि दाढीनं, म्हणजे दुकानाच्या मालकानं, ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. शेजारी बसलेल्या मेहुण्यानं तर कोपरानं ढोसलंच. "भाऊजी, हळू! रेकॉर्ड चालू आहे," तो कुजबुजला. पण भाऊजींच्या तोंडाला ग्लास लागलेला होता. बिअरचा घोट तोंडात होता, गिळायचाही बाकी होता. तोंडात घोट असताना माणूस हसला तर ते नाकातून येतं, समोरच्याच्या शर्टावर जातं, सगळी शोभा होते. तसं काही झालेलं नव्हतं. त्यानं मान हलवून "मी नाही" अशी खूण केली. कुणालाही ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही पटलं नाही. कारण त्यानंही ते ऐकलं होतं. भिंतीलगतच्या दोन उंच स्पीकरांपैकी डाव्या स्पीकरमधून तोच हसला होता.

आता हसण्यासारखं हसणं जगात पुष्कळ असतं. पण त्याचं हसणं तसं नव्हतं. ते चारचौघांसारखं सुरू व्हायचं, खाली उतरायचं, संपलं असं वाटायचं, आणि मग मागून श्वास आत ओढला जाताना एक बारीक, लांबट करकर यायची. तेल न घातलेल्या कपाटाचं दार कुणीतरी जपून लावावं तशी. शाळेत पोरांनी त्यावरून त्याला जीव नकोसा केला होता. लग्नाच्या रात्री बायको दचकून उठून बसली होती. बाबा त्या करकरीला शेपूट म्हणायचे. "तुझं हसणं गेलं तरी शेपूट दारातच असतं," असं म्हणून ते स्वतः हसायचे, आणि त्यांचं हसणं अगदी साधं, गोल, बिनशेपटीचं होतं. घरात कुणालाच ते शेपूट नव्हतं. आत्या यायची तेव्हा हमखास विचारायची, "अरे, हे तू कुठून उचललंस?" आणि आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची. आईला आपलं हसणं आवडत नाही, हे त्याला फार लहानपणी कळलं होतं. म्हणून तो बेतानंच हसायला शिकला. इतका बेतानं, की तो दातांच्या धंद्यात असूनही लोक त्याला गंभीर माणूस समजत.

रेकॉर्ड पुढे चालली होती. ट्रम्पेटनं मघाशी ज्या चालीला हात घातला होता ती आता पियानोकडे गेली होती, खाली उभा बास, ते माणसाएवढं तंतुवाद्य, जाड बोटांनी चालत होता आणि ड्रमवाला ब्रशनं ढोलाचं कातडं नुसतं चोळत होता. एरवी हीच जागा त्याला सगळ्यात आवडायची. शनिवारी दुपारी दाढी जुन्या जॅझच्या रेकॉर्डी लावायचा, त्याही फक्त लोकांसमोर वाजवलेल्या. "बंद खोलीतलं संगीत म्हणजे फ्रिजमधलं जेवण," असं त्याचं मत होतं. मागच्या खोलीत तो स्वतः बिअर उकळायचा. भाजलेल्या धान्याचा वास पुढे यायचा. आजची बिअर संत्र्याच्या सालीची होती, आधी गोडसर, मग जिभेच्या मुळाशी कडू. नियम एकच, रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. मेहुण्यानं त्याला इथं पहिल्यांदा ओढून आणलं तेव्हा तो म्हणाला होता, आमच्या घरी कधी गाण्याची पेटीसुद्धा नव्हती, मला काय कळणार? आणि मग पहिल्याच रेकॉर्डला, का कोण जाणे, त्याला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं होतं. टाळ्या विरायच्या, मग लगेच वाजवणं सुरू व्हायचं नाही. मध्ये क्षणभर नुसती खोली ऐकू यायची. रिकामी नाही, माणसांनी भरलेली, पण गप्प. आजच्या रेकॉर्डमध्ये तर प्रत्येक टाळीनंतर तशी जागा होती. असल्याच एका जागेत, पियानोवाला काहीतरी पुटपुटला आणि ते हसणं आलं. संपलं. मग शेपूट. मग काठीवर काठी आपटून कुणीतरी ताल मोजला आणि सगळे सुटले.

बाजू संपली आणि तो काही बोलायच्या आधी मेहुण्याचंच तोंड सुटलं. "काय हो भाऊजी! एवढं काय आठवलं?" त्यानं ग्लास खाली ठेवला. फेस काठाला चिकटला होता. "मी हसलो नाही," तो म्हणाला. "परत लावा." दाढीला असल्या माणसांची सवय होती. त्यानं सुई उचलली, वाकून रेकॉर्डवरच्या रेघा बघितल्या आणि नेमक्या जागी टेकवली. टाळ्या. टाळ्या विरल्या. खोली. पुटपुटणं. आणि ते.

आता सगळे खरंच हसले, कारण या वेळी सगळे त्याच्या बंद तोंडाकडे बघत होते. "आयला!" मेहुणा ओरडला. "भाऊजी, गेल्या जन्मी तुम्ही जॅझ वाजवत होतात की!" कोपऱ्यातल्या बाईंनी टाळी वाजवली. त्याला मात्र हसू आलं नाही. माणूस आरशात आपल्याला बघतो तेव्हा तो तयारीनं बघतो. हे म्हणजे जिना चढताना वरून आपणच उतरत यावं तसं होतं. "हा प्रेक्षकांतला कुणी असेल," तो म्हणाला. आवाज आपला आहे की नाही हे त्यानं बोलताना कान देऊन ऐकलं. "छे," दाढी म्हणाला. "प्रेक्षक लांबून येतात. हे माइकच्या तोंडाशी आहे. ढोलाच्या माइकच्या. हा ड्रमवालाच." मग त्यानं रेकॉर्डचं कव्हर पुसत पुसत आपलं कौतुक आणि तक्रार एकदमच सांगितली. "एवढी स्वच्छ रेकॉर्ड माझ्याकडे दुसरी नाही. पूर्ण दोन बाजूंत एक खोकला नाही, खुर्ची नाही, ग्लास नाही. त्या काळी टेप ब्लेडनं कापून चिकटवायचे. ज्यानं कापलीय त्याचा हात सोन्याचा. मग हे हसणं तेवढं कसं राहिलं? वाजवणंही चालू नाहीये, सहज उडवता आलं असतं. डुलकी लागली असेल बिचाऱ्याला."

ब्लेड हा शब्द ऐकला आणि दाढीनं पुढे केलेलं कव्हर त्याच्या हातात जड झालं. बाबा रेकॉर्डच्या कंपनीत होते. काय करायचे, तर टेपा साफ करायचे. लोक खोकतात, शिंकतात, खुर्च्या ओढतात, ते सगळं काढून टाकायचे. कंपनीत त्यांना पातं म्हणत. घरी त्यांनी एकही रेकॉर्ड कधी आणली नाही. "दिवसभर तेच, घरी जरा शांतता हवी," म्हणायचे. पण शेजारच्या रेडिओवर टाळ्या लागल्या की ते बोट वर करून सांगत, "टाळी संपली की लगेच पुढे पळायचं नाही. खोलीला एक श्वास घेऊ द्यायचा." एक श्वास. तो ज्या जागेत घरी आल्यासारखा बसत होता ती जागा बाबांनी ठेवलेली होती. त्यानं कव्हर उलटलं. बाबांच्याच कंपनीचं नाव होतं, आणि वाजवणाऱ्यांची नावं होती. ड्रमवाल्याचं नाव त्यानं दोनदा वाचलं, त्यातून काहीच निघालं नाही. फोटोत झांजेच्या मागे नुसता एक खांदा होता. खाली ते वाजवलं तेव्हाचं साल होतं, त्याच्या स्वतःच्या जन्माच्या आदलं, आणि महिना थंडीचा. आणि क्लबचं नाव. ते त्याला पाठ होतं. लग्नाआधी त्या क्लबच्या दारात आई येणाऱ्यांचे कोट सांभाळायची.

"भाऊजी, तुमचा चेहरा का असा झाला?" मेहुण्यानं विचारलं. "कडू आहे," तो म्हणाला, आणि अर्धा ग्लास तसाच टाकून बाहेर पडला.

रस्त्यावर ऊन होतं, लोक पिशव्या घेऊन चालले होते, दुकानांची दारं उघडत होती, लागत होती. सगळं मघासारखंच होतं, हीच गोष्ट त्याला सहन होईना. आई-बाबांची गोष्ट घरात शंभरदा सांगितलेली होती. बाबा त्या क्लबात माइक लावायला गेले, परतताना आईनं त्यांना भलत्याच कुणाचा तरी कोट दिला, ते तो घालून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी परत करायला आले, आणि मग येतच राहिले. चट मंगनी पट ब्याह. आत्या हे सांगताना नेहमी "पट" वर जोर द्यायची, आणि आई हसून विषय बदलायची. आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की तो कोट कुणाचा होता हे गोष्टीत कधीच नव्हतं. त्याला स्वतःचा राग आला. कोटाचा काय संबंध? एका हसण्यावरून माणूस आपल्या आईला कोर्टात उभं करतो का? आवाजासारखा आवाज असतो. पण पाय चालता चालता त्याच्या कामाच्या खोलीपाशी आले होते, आणि खिशात किल्ली होती.

तो कवळ्या बनवत असे. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवत, तो त्यात प्लास्टर ओतून साचे काढी, मेणात दात लावी. फळीवर साचे ओळीनं मांडलेले होते, बिनओठांचे, बिनजिभेचे. तीस वर्षांच्या सवयीनं त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. नाक फसवतं, डोळे फसवतात, टाळू फसवत नाही. बाप-लेकांचे ठसे एकाच दिवशी आले तर चिठ्ठी न वाचता तो जोडी लावी. दोन वर्षांमागे बाबांचे उरलेले दात काढले तेव्हा त्यांची कवळी त्यानं स्वतः केली होती. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. बाबांचा टाळू रुंद आणि उथळ, बशीसारखा. शिकताना सगळ्यांनी स्वतःचे ठसे घेतले होते तेव्हाचा त्याचा साचा अजून वरच्या कप्प्यात होता, अरुंद, खोल, मध्ये घडी पडल्यासारखा. बाबांची कवळी करताना त्याच्या अंगठ्याला ते कळलं होतं. अंगठा क्षणभर थांबला होता. मग त्याला वाटलं, आपण आईवर गेलो असू. आईच्या टाळूचा ठसा कुणी घेतला नव्हता, आणि आता तर आईच उरली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्यानं कप्प्यातला साचा काढला, दिव्याखाली धरला, आणि त्याला वाटलं की हे पांढरं उघडं तोंड आता हसेल आणि त्याला शेपूट असेल. त्यानं तो घाईनं आत ठेवला. घाबरला होता तो. वयानं साठीला आलेला माणूस, पण आपण कुणाचे आहोत हा एक प्रश्न त्याला पेलत नव्हता. आणि त्याहून वाईट दुसरा प्रश्न होता. बाबांना डुलकी लागत नसे. मग ते हसणं तिथं ठेवलं कुणी?

घरी बाबा खिडकीशी बसले होते. डोळ्यांनी त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच दिसे, पण कान जसेच्या तसे होते. "आलास? आज पायरीवर थांबलास ते," ते म्हणाले. कवळी वाडग्यात पाण्यात होती, म्हणून शब्द मऊ येत होते. आत बायको भांडी घासत होती, नळ वाहत होता. तो समोर बसला. बाबांनी त्याच्या दिशेनं तोंड केलं. संध्याकाळचा विनोद होता हा, लहानपणापासूनचा, तेव्हा जेवताना, आता जेवणाआधी. "एक माणूस डॉक्टरकडे गेला. म्हणाला, डॉक्टर, मला काही आठवतच नाही हो. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून? तर म्हणतो, काय कधीपासून?" विनोद घरातल्या फर्निचरइतका जुना होता. तो हसला, आणि शेवटाला श्वास धरून ठेवला, शेपूट आतल्या आत दाबलं.

बाबांनी मान तिरकी केली. "कापलंस ते?" ते म्हणाले.

"बाबा, आज एक रेकॉर्ड ऐकली." त्यानं क्लबचं नाव घेतलं.

खिडकीच्या कडेवर फिरणारं बाबांचं बोट थांबलं. मग त्यांनी हात पुढे केला. "दात दे," ते म्हणाले. "असलं बोलायला दात हवेत." त्यानं कवळी झटकून त्यांच्या हातात ठेवली. ती बसवताना बाबांचा चेहरा भरला आणि ते एकदम तरुण, परके दिसले.

"हसणं ऐकलंस?"

"ऐकलं. दुकानाचा मालक म्हणाला, कापणाऱ्याला डुलकी लागली असणार."

"डुलकी?" बाबा ताठ झाले. "मला? त्याला म्हणावं, एक शिंक शोधून दाखव त्यात." मग त्यांना आपण काय कबूल केलं ते कळलं, आणि खांदे हळूहळू खाली आले. "टेप कंपनीत पडून होती," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर आली तेव्हा तू चालायला लागला होतास. सकाळी मी बूट घालत होतो आणि तू हसत होतास. मी कामावर गेलो. हेडफोन लावले. आणि तू इथून उठून टेपमध्ये कसा गेलास, हेच मला कळेना."

त्याच्या लक्षात आलं, आपल्याला दुपारी जे झालं ते या माणसाला एकट्याला, हातात ब्लेड असताना झालं होतं, आणि संध्याकाळी तो घरी आला होता, जेवला होता.

"कापलं मी ते," बाबा म्हणाले. "दोन वितींचा तुकडा. टेबलाखाली टोपली असायची. रोजचे खोकले, खुर्च्या, सगळं तिच्यात. तुकडा तिच्यावर धरला, आणि तुझं हसणं त्या टोपलीत टाकवेना. परत चिकटवलं."

"ते माझं नव्हतं, बाबा."

"मला काय माहीत? आवाज तोच होता."

"आणि आई?"

"तिला शेवटपर्यंत वाटायचं, मला ठाऊक नाही. मी वाटू दिलं."

आत भांड्यावर भांडं पडलं. नळ वाहतच होता, आणि तो आवाज ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात लहानपणच्या सगळ्या संध्याकाळी एकदम उजळल्या. जेवणाचं टेबल, बाबांचा विनोद, त्याचं हसणं, आईचा पांढरा पडत जाणारा चेहरा, तिचं उठणं, नळ. त्याला तिचं ते नावडणं वाटलं होतं. ती भीती होती. रोज तेच हसणं, त्याच्या तोंडून, तिच्या समोर. आणि समोर बसलेला हा माणूस, सगळं माहीत असलेला, पुढचा विनोद शोधत असायचा.

"तुम्ही मला रोज हसवायचात," तो म्हणाला. "तिच्यासमोर. माहीत असून. ते कशाला?"

बाबांनी नजर वळवली नाही. त्यांना वळवायला नजर नव्हतीच. "आधी तिच्यासाठीच," ते म्हणाले. "टोचावं म्हणून. खोटं कशाला सांगू? ती उठायची, पाणी सोडायची, आणि मला बरं वाटायचं. असं बरेच दिवस. तुझा वापर केला मी. ब्लेडसारखा."

"आणि मग?"

"मग एकदा ती उठून गेली आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. भात संपल्यावर बघतो तर खुर्ची रिकामी. मी तुझ्याकडे बघत बसलो होतो. शेपूट येतंय का म्हणून." त्यांनी ओठ पुसले. "त्यानंतरचे विनोद तुझे. आधीचे नाहीत. किती कुठले ते आता मला सांगता यायचं नाही."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. राग होता, तो खरा होता. आईची कीव येत होती, तीही खरी. आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी सैल होत चाललं होतं, ज्याची त्याला लाज वाटत होती. बाबांनी अंधारात चाचपावं तसा हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला.

"तुला कळल्याला किती वेळ झाला?" त्यांनी विचारलं. "कधीपासून चाललंय हे डोक्यात?"

"काय कधीपासून?" तो म्हणाला. मुद्दाम नाही, त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. आणि मग दोघांनाही एकदमच ते कळलं. बाबांचं गोल हसणं आधी आलं. मग त्याचं आलं, आवरता न येणारं, अनोळखी, झांजेमागून यावं तसं. ते खाली उतरलं, संपलं, आणि आत नळ बंद झाला. "काय हो, एवढं काय झालं?" बायकोनं विचारलं. बाबा मान तिरकी करून, डोळे मिटून, हात वर धरून थांबले होते, आणि तोही थांबला होता, उरलेलं यायचं होतं म्हणून.